स्फोट नेमका होतो कसा? क्लासमधली पोरं आणि त्यांचे पालक हमखास विचारतात ते प्रश्न

मी सांगलीत अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. वर्षभर मोल कन्सेप्टला जांभया देणारी पोरं दसरा जवळ आला, कवठे एकंदच्या आतषबाजीचे व्हिडिओ फिरायला लागले की खडबडून जागी होतात, सर हे फुटतं कसं, सर ते हिरवं कशानं दिसतं, सर गॅसची टाकी खरंच फुटती का. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो दरवर्षी, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. पुढच्या वर्षी लिंक देईन आणि चहा प्यायला जाईन.

स्फोट म्हणजे काय, एका वाक्यात सांगा की.

थोड्या जागेत एकदम भरपूर गरम गॅस तयार झाला आणि त्याला बाहेर पडायला सवडच मिळाली नाही, की जे होतं तो स्फोट. यात आगीचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. कुकरचा व्हॉल्व्ह चोंदला, शिट्टीत डाळीचं टरफल अडकलं, सेफ्टी व्हॉल्व्ह कुणीतरी लोकल टाकलेला, आणि कुकर फुटून झाकण छताला चिकटलं तर तोही स्फोटच, फक्त तिथं केमिस्ट्री काही झालेली नसते, पाण्याची वाफ झाली एवढंच. ट्रॅक्टरचा टायर फुटला तरी तेच. आपण इथं बोलणार ते केमिकल स्फोटाबद्दल, म्हणजे जिथं आधी नसलेला गॅस रिअ‍ॅक्शनमधून जन्माला येतो.

मग जळणं आणि फुटणं यात फरक काय? दोन्हीत ऑक्सिजनच लागतो ना?

लागतो. लोखंड गंजतं, लाकूड जळतं, दारू फुटते, तिन्हीचा हिशेब ऑक्सिजनशीच आहे. फरक आहे तो घाईचा. गंजायला वर्षं लागतात, ओंडका जळायला रात्र लागते आणि सुतळी बॉम्बला पापणी लवायच्या आतला वेळ पुरतो.

आता ओंडका सावकाश का जळतो ते बघा. त्याला ऑक्सिजन बाहेरून, हवेतून घ्यायचाय, आणि हवेत तो असतो 21 टक्केच, बाकीचा नायट्रोजन नुसता गर्दी करून उभा. म्हणून आजी चुलीत फुंकणीनं फुंकायची, म्हणजे ताजा ऑक्सिजन आत ढकलायची. ओंडक्याच्या ढलप्या केल्या की लवकर पेटतात कारण हवेला शिवायला जागा जास्त मिळते. पण कितीही फुंका, हवा येणार तिच्या वेगानं. स्फोटकाची गोम अशी की ते हवेची वाटच बघत नाही, ऑक्सिजन शिदोरीसारखा बरोबर बांधून आणलेला असतो. त्यामुळं जमिनीत गाडून फुटतं, पाण्याखाली फुटतं, पूर्ण बंद डब्यात फुटतं.

ही शिदोरी बांधलेली असते कुठं?

दोन तऱ्हा आहेत. जुन्या काळ्या दारूत म्हणजे गनपावडरमध्ये जळणारी वस्तू वेगळी आणि ऑक्सिजन देणारा क्षार वेगळा, दोन्ही एकत्र मिसळलेले, पण कितीही बारीक केलं तरी कणाला कण शेजारी एवढंच. म्हणजे सोयरे दोन वेगळ्या गावात राहतात, निरोप जाईपर्यंत जरा वेळ जातोच.

टीएनटी किंवा नायट्रोग्लिसरीन या स्फोटकांत मात्र दोघं एकाच घरात. एकाच रेणूत कार्बन-हायड्रोजनचा सांगाडा आणि त्यालाच चिकटलेले नायट्रो गट, म्हणजे नायट्रोजनच्या पाठीवर बसलेले ऑक्सिजनचे अणू. इंधन आणि ऑक्सिजन यांच्यात अंतर किती तर एक-दोन बंधांचं. मधला नायट्रोजन त्यांना लांब धरून ठेवतो, त्याचा हात सुटला की संपलं.

गंमत म्हणजे टीएनटीकडं स्वतःच्या कार्बनला पुरेल एवढा ऑक्सिजन नसतोच, शिदोरी अपुरी पडते, म्हणून उरलेल्या कार्बनची काजळी होते आणि धूर काळा दिसतो.

टीएनटीत फार प्रचंड एनर्जी असते ना सर?

हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न. वर्गात मी गुळाचा खडा घेऊन जातो आणि विचारतो, सांगा, याच्यात एनर्जी जास्त का तेवढ्याच टीएनटीत? सगळी पोरं टीएनटी म्हणून ओरडतात.

एक ग्रॅम टीएनटी म्हणजे 4184 जूल, हा जगभर ठरवून घेतलेला आकडा आहे, म्हणजे बरोबर एक किलोकॅलरी. एक ग्रॅम गूळ किंवा साखर म्हणजे जवळपास चार किलोकॅलरी, बिस्किटाच्या पुड्यावर लिहितात तीच ही कॅलरी. म्हणजे गूळ टीएनटीच्या चौपट! शेंगदाण्यात तर गुळाहूनही जास्त. आपण सकाळी शेंगदाण्याचा लाडू खाऊन कॉलेजला जातो तेव्हा पोटात टीएनटीला लाजवेल एवढा माल असतो, पण शरीर तो पाच-सहा तासात, एन्झाइमच्या पायऱ्या पायऱ्यांनी, निवांत खर्च करतं. टीएनटी आपली एक किलोकॅलरी सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात उधळून मोकळं होतं.

(कुणी हुशार पोरगं म्हणतंच, सर गुळाला बाहेरचा ऑक्सिजन लागतो, त्याचं वजन धरलं नाही तुम्ही. बरोबर आहे बाबा, ते धरलं तर फरक बराच कमी होतो. पण मुद्दा तोच राहतो, एनर्जी किती यापेक्षा ती किती वेळात बाहेर पडली यावर सगळं आहे.)

आणि स्फोटात तयार होतो तो गॅस कुठला असतो?

मुख्यतः नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ. घन किंवा द्रव पदार्थाचा गॅस झाला की नुसत्या साध्या तापमानालाही शेकडो पट जागा लागते, त्यात तो तयार होतो काही हजार अंश तापमानाला, म्हणजे आणखी कितीतरी पट फुगायला बघतो. टीएनटीत स्फोटाच्या क्षणी दाब हवेच्या दाबाच्या साधारण दोन लाख पट जातो. या दाबापुढं आपला काळा पत्थर पण तडकतो.

यात नायट्रोजनचा रोल जरा नीट बघा कारण परीक्षेतही येतो. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरतात, तो बंध तोडायला मोलला 945 किलोजूल लागतात, निसर्गातल्या सगळ्यात घट्ट बंधांपैकी एक. तोडायला जेवढी एनर्जी लागते तेवढीच बांधताना बाहेर पडते. स्फोटकातला नायट्रोजन अवघडून बसलेला असतो, ऑक्सिजनला धरून, कार्बनला धरून, आणि संधी मिळाली की सगळ्यांना सोडून आपल्या जोडीदाराकडं पळतो. म्हणून स्फोटकांच्या नावात नायट्रो, नायट्रेट, अझाइड असं काही ना काही सारखं दिसतं.

डेटोनेशन आणि डिफ्लॅग्रेशन असे दोन शब्द पुस्तकात आहेत. सोपं करून सांगा.

डिफ्लॅग्रेशन म्हणजे भडका. एक थर जळतो, त्याची धग शेजारच्या थराला लागते, तो जळतो, असं पुढं पुढं सरकतं. आवाजाच्या वेगापेक्षा कमीच. काळी दारू या जातीची. मोकळी असली तर फुर्र करून जळते, नुसता धूर. तीच कोंडली तर गॅस साठतो, दाब वाढतो, दाबानं जळण्याचा वेग आणखी वाढतो आणि कवच फाटतं. आपण जो 'धडाम' ऐकतो तो कवच फाटल्याचा.

डेटोनेशनमध्ये धग नसते काम करत, धक्का करतो. दाबाची एक लाट पदार्थातून पळते, ती ज्या थरावर आदळते तो थर इतका दाबला जातो की तिथल्या तिथं फुटतो, आणि त्याच्या फुटण्यानं लाटेला पुढं ढकललं जातं. टीएनटीत ही लाट सेकंदाला जवळपास 6900 मीटर पळते. आता हे असं समजा, सातारा ते सांगली रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. हवेतून आवाजाला एवढं अंतर कापायला सहा मिनिटं लागतील. एसटीला तीन तास, मधे कराडला चहाला थांबली नाही तर. आणि टीएनटीची वात करून साताऱ्यापासून सांगलीपर्यंत अंथरली असं नुसतं कल्पनेत धरलं तर ती लाट अठरा सेकंदात सांगलीत. या वेगाला कोंडायची पण गरज नसते, गॅसला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही.

बंदुकीत, तोफेत गोळा ढकलायचा असतो म्हणून भडक्याच्या जातीची दारू लागते, डेटोनेशनवाली टाकली तर नळीच फुटेल. खडक फोडायला मात्र धक्का पाहिजे.

काही पदार्थ नुसत्या हादऱ्यानं फुटतात आणि काही आगीत टाकले तरी गप, असं का?

डोंगरउतारावर धोंडा ठेवलाय असं समजा. खाली घरंगळायची तयारी दोघांचीही आहे, पण एक धोंडा कडेवर तोल सावरून बसलाय आणि दुसऱ्याच्या पुढं बांध घातलाय. बांध जेवढा उंच तेवढा ढकलायला जोर जास्त. या बांधाला पुस्तकात अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी म्हणतात. बुटका बांध असलेले ते प्रायमरी, ठिणगी, घासणं, ठोका कशानंही जातात. उंच बांधवाले सेकंडरी, त्यांना जोरदार धक्का लागतो, आणि तो धक्का द्यायलाच डेटोनेटर असतो.

टीएनटीचा बांध इतका उंच की 1863 मध्ये ते पहिल्यांदा तयार झालं तेव्हा पिवळा रंग म्हणून त्याच्याकडं बघितलं गेलं, हे स्फोटक आहे हे ध्यानात यायला पुढं बरीच वर्षं गेली.

उलट टोकाला नायट्रोग्लिसरीन. इटलीच्या अस्कानियो सोब्रेरोनं 1847 ला ते शोधलं आणि स्वतःच घाबरला. तेलासारखं द्रव, हिंदकळलं तरी भरवसा नाही. 1864 मध्ये स्टॉकहोममधल्या नोबेल कुटुंबाच्या कारखान्यात स्फोट झाला आणि आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल त्यात गेला. नंतर आल्फ्रेडनं हे द्रव एका भुसभुशीत मातीत जिरवलं, माती म्हणजे काय तर जुन्या सूक्ष्म शैवालांची सांगाडी, आणि मग ते दणके बऱ्यापैकी सोसायला लागलं. 1867 चं पेटंट, नाव डायनामाइट. केमिस्ट्री तीच ठेवली, फक्त तिला बसायला गादी दिली.

आपल्याकडं विहिरीला सुरुंग लावतात तो काय प्रकार असतो?

माण-खटाव, जत, आटपाडी या भागात विहीर म्हणजे मुरूम संपला की खाली काळा पत्थर, बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. पहारीनं निघत नाही. आमच्या आज्याच्या विहिरीला सुरुंग लावला होता तेव्हा आम्हा पोरांना पार वस्तीच्या मागं नेऊन बसवलं होतं, भोंग्यासारखं ओरडून गावाला सावध केलं, मग पायाखालची जमीन आधी हलली आणि आवाज नंतर आला. तेव्हा कळलं नव्हतं, आज कळतं. खडकातून कंप हवेतल्या आवाजापेक्षा कितीतरी पटीनं वेगात जातो.

खडकाचं असं आहे की तो दाबाला दांडगा आणि ताणाला कच्चा. लाट खडकातून जाते, मोकळ्या तोंडाशी पोचली की परत फिरते, आणि परत फिरताना दाबायच्या ऐवजी ओढते. ओढलं की भेगा पडतात. मग मागून गॅस त्या भेगांत शिरतो आणि पाचर मारल्यासारखा खडक उचकटतो. म्हणजे फोडतो धक्का आणि हलवतो गॅस. मोठ्या कामावर सगळी भोकं एकदम उडवत नाहीत, मिलिसेकंदांच्या अंतरानं एकामागून एक उडवतात, त्यानं खडक ओळीनं पुढं सरकतो आणि आजूबाजूच्या घरांना हादरा कमी बसतो.

लोक सरसकट सगळ्याला जिलेटिन म्हणतात, ते नाव नोबेलच्याच ब्लास्टिंग जिलेटिनवरून आलंय, जरी आता कामावर जास्त करून इमल्शन आणि स्लरी ही पाणी मिसळलेली स्फोटकंच वापरतात. आणि हे काम लायसन्सवाल्यानंच करायचं, 1884 चा एक्स्प्लोझिव्ह अ‍ॅक्ट आणि 2008 चे रूल्स आहेत त्याला, परवाने देणारं केंद्राचं हापीस नागपुरात.

साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेबानं सुरुंग लावला होता ते खरं का?

खरं. 1699 च्या डिसेंबरात वेढा पडला आणि एप्रिल 1700 मध्ये मोगलांनी तटाखाली खणून भरलेले सुरुंग उडवले. पहिल्यानं किल्ल्यावरची बरीच माणसं गेली, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. पुढचा उडाला तेव्हा बुरूज आत पडायच्या ऐवजी बाहेर कोसळला, नेमका हल्ल्याला तयार उभ्या मोगल फौजेवर, दोन हजाराच्या आसपास माणूस गेल्याचं इतिहासात लिहिलंय.

केमिस्ट्रीवाला म्हणून मला यात वेगळंच दिसतं. काळी दारू म्हणजे भडका, धक्का नव्हे. तिचा गॅस फुगतो आणि जिकडं आडकाठी कमी तिकडं वाट काढतो. आत डोंगराचा भार, बाहेर उताराची मोकळी बाजू, मग तट कुठं जाणार? किल्ला पुढं आठवड्याभरात तहानं गेला, ती गोष्ट निराळी.

कोयनेत पाण्याखाली स्फोट केला होता तो कसा?

लेक टॅपिंग. शिवसागर जलाशयाच्या तळाकडं खालून बोगदा खणत न्यायचा, शेवटचा खडकाचा बूच तेवढा ठेवायचा आणि तो एका दणक्यात उडवून धरणाचं पाणी बोगद्यात घ्यायचं, धरण रिकामं न करता. पहिलं 13 मार्च 1999 ला आणि दुसरं 25 एप्रिल 2012 ला. स्फोटकाला बाहेरचा ऑक्सिजन लागत नाही हे वर सांगितलं त्याचं याच्याहून भारी उदाहरण नाही, डोक्यावर अख्खा जलाशय आहे आणि तरी काम होतंय.

जोडून एक, कोयनेला हादरा बसला की पाटणकडं कुणीतरी म्हणतंच की बोगद्यात सुरुंग उडवला असेल. तसं नसतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप साडेसहा रिश्टरच्या आसपासचा होता, तो जमिनीखालच्या भेगेवरचा साठलेला ताण सुटल्यानं होतो, तिथं रिअ‍ॅक्शन वगैरे काही नाही.

काळ्या दारूत तीनच गोष्टी का?

सोरा, कोळसा, गंधक. चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमाराला सापडली, अमर होण्याचं औषध शोधता शोधता असं म्हणतात. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ही ऑक्सिजनची शिदोरी. कोळसा हे इंधन. आणि गंधक स्वतः जळतो पण त्याचं खरं काम म्हणजे बांध बुटका करणं, कमी तापमानाला पेटायला मदत. फटाक्यानंतर जो कुजक्या अंड्यासारखा वास रेंगाळतो तो गंधकाच्या संयुगांचा. या दारूतलं निम्म्याहून जास्त वजन जळून गॅस होतच नाही, बारीक घन कण म्हणून उडतं, म्हणून एवढा पांढरा धूर. ब्रिटिशांच्या काळात बिहारचा सोरा जहाजं भरभरून युरोपात जायचा आणि तिकडच्या लढाया त्याच्यावर चालायच्या.

शोभेच्या दारूच्या औटातले, झाडातले रंग कसे येतात?

स्फोटाचा आणि रंगाचा तसा संबंध नाही, रंग धातूच्या क्षारांचे. स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवा, सोडियम पिवळा, तांबं निळा. उष्णतेनं इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि खाली येताना ठराविकच रंगाचा उजेड टाकतो. लॅबमध्ये फ्लेम टेस्ट करता ना, तीच, फक्त आभाळात. निळा सगळ्यात अवघड, कारण तांब्याचं जे संयुग निळं देतं ते जास्त तापमानाला टिकत नाही. चांगला गडद निळा दिसला तर बनवणाऱ्याला मनातल्या मनात मुजरा करा. फुलबाज्याच्या ठिणग्या म्हणजे तापून जळणारे लोखंडाचे कण, आणि लख्ख पांढरं असेल ते अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम.

कवठे एकंदला सिद्धराजाच्या पालखीपुढं दसऱ्याला रात्रभर आतषबाजी चालते, लांब गच्चीवरून बघत असाल तर उजेड दिसला की सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. पोरांना हे सांगितलं की घरी जाऊन आईला पण मोजायला लावतात.

ग्रीन फटाके म्हणजे हिरवे का?

नाही ओ. धूर आणि धूळ कमी करणारे, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं त्याची पद्धत काढली. 2018 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्यात बेरियमचे क्षार वापरायला बंदी. आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबल. डेसिबलचं गणित साधं नाही हे ध्यानात ठेवा, दहानं वाढलं की आवाजाची तीव्रता दहापट होते, त्यामुळं 'थोडासाच जास्त' असं काही नसतं.

फटाका फुसका निघाला, आता जवळ जाऊन बघू का?

नको. वात विझल्यासारखी दिसली तरी आत धग रेंगाळत असते, आणि आत एखादा थर पेटला की वर लिहिलंय तसा दाबानं वेग वाढत जातो, तुम्हाला मागं सरायला वेळ मिळत नाही. लांबून बादलीभर पाणी ओता आणि तसाच राहू द्या. पाणी दोन कामं करतं, उष्णता शोषतं आणि सोरा पाण्यात विरघळून इंधनापासून सुटा होतो.

माझा चुलतभाऊ आठवीत असताना फुसक्या लवंग्यांची दारू कागदावर गोळा करत बसला होता, आम्ही तिघं त्याच्या भोवती. एका ठिणगीनं सगळं भडकलं. भुवया परत आल्या, उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी अजून गुळगुळीत आहे. त्याला अजून आम्ही 'शास्त्रज्ञ' म्हणतो, पण तो हसत नाही त्याच्यावर.

गॅस सिलिंडर फुटला म्हणतात तो खरंच टाकी फुटलेली असते का?

बहुतेक वेळा टाकी जागेवर शाबूत असते आणि फुटलेली असते खोली. गळती झाली, गॅस हवेत मिसळला, कुणीतरी बटण दाबलं. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून वर न जाता फरशीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखाली, पलंगाखाली साठतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन ते नऊ टक्के असलं तरच तो भडकतो, कमी असेल तर इंधन अपुरं आणि जास्त असेल तर ऑक्सिजन अपुरा. इथं शिदोरी नाही, हवेचाच ऑक्सिजन आहे, पण इंधन आधीच हवेत कालवून ठेवल्यामुळं घाई आलीच.

वास येतो तो गॅसचा नसतो, मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि लाइटचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हीत ठिणगी पडते. पंखा लावून गॅस घालवू म्हणणारे शेजारी भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका. बाहेर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या इमर्जन्सी नंबरला फोन करा.

टाकी खरोखर फुटते ती बाहेरून आगीत सापडली तर. आतला द्रव उकळतो, दाब चढतो, आणि जिथं आत द्रव नाही तिथला पत्रा तापून नरम पडतो.

हळदीची, साखरेची पावडर फुटू शकते हे खरं का? मला पटत नाही.

पटवून घ्या, कारण सांगलीत हळदीच्या गिरण्या आणि जिल्हाभर साखर कारखाने आहेत. ओंडका आणि ढलप्या आठवा. ढलपीची आणखी ढलपी करत गेलं की शेवटी पिठी, आणि पिठी बंद खोलीत हवेत उडाली की प्रत्येक कणाभोवती हवा. एक कण पेटला की शेजारचा, गॅसगळतीचाच खेळ. आणि पहिला छोटा भडका होतो त्याच्या हवेनं तुळयांवर, नळ्यांवर वर्षानुवर्षं बसलेली धूळ उडते आणि दुसरा भडका त्याच्यापेक्षा मोठा होतो, इमारत पाडतो तो दुसरा. 7 फेब्रुवारी 2008 ला अमेरिकेत जॉर्जियामधल्या साखर कारखान्यात हेच झालं, 14 माणसं गेली. साखरेच्या धुळीनं!

म्हणून गिरणीत झाडलोट हा टापटिपीचा विषय नाही, सेफ्टीचा आहे. तिथं बिडी ओढणाऱ्याला खुशाल हाकला.

रानात टाकतो ते खत पण फुटतं का?

युरिया नुसता फुटत नाही, निवांत झोपा. अमोनियम नायट्रेटचं वेगळं आहे, त्यात ऑक्सिजनही आहे आणि नायट्रोजनही, म्हणून भारतात त्याच्यासाठी 2012 पासून स्वतंत्र नियम आहेत. 4 ऑगस्ट 2020 ला बैरूतच्या बंदरात गोदामात वर्षानुवर्षं पडून असलेलं सुमारे 2750 टन एका आगीत सापडलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या व्हिडिओत जो तांबूस ढग दिसतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा.

मला वाटतं नायट्रोजनची ही गोष्ट अख्ख्या पुस्तकात सगळ्यात मोठी आहे. जर्मन केमिस्ट हाबरनं 1909 ला हवेतला नायट्रोजन धरून अमोनिया करून दाखवला, 1913 ला जर्मनीत कारखाना सुरू झाला. त्याच अमोनियातून उसाचं खत आणि त्याच अमोनियातून पहिल्या महायुद्धातला दारूगोळा. ऊस आणि तोफगोळा एकाच आडातलं पाणी प्यालेत.

गाडीतल्या एअरबॅगमध्ये पण स्फोटक असतं म्हणे?

हो, एक छोटी गॅस देणारी रिअ‍ॅक्शन. जुन्या मॉडेलमध्ये सोडियम अझाइड असायचं, त्यातून नायट्रोजन. साधारण 30 मिलिसेकंदात पिशवी फुगते. म्हणून गॅरेजवाल्याला एअरबॅग आपल्या मनानं उचकटू देऊ नका.

सर, दारूचं प्रमाण सांगा ना, घरी एकदा छोटं करून बघतो.

नाही. दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं आणि दरवर्षी हेच उत्तर. 1908 चा स्फोटक पदार्थ कायदा आहे आणि त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, हे एक. दुसरं म्हणजे ज्यांचं आयुष्य या धंद्यात गेलं त्यांच्या हातून पण चूक झालेली आहे, आपल्या जिल्ह्यातल्या शोभेच्या दारूच्या कारखान्यांत झालेले अपघात पेपरात वाचलेत सगळ्यांनी, आणि ती माणसं शिकाऊ नव्हती. हौस असेल तर केमिस्ट्री नाहीतर मायनिंग इंजिनिअरिंगला जा, तिथं पगार देऊन शिकवतात.

आजीला हार्टसाठी जिभेखाली ठेवायची गोळी दिलीय. नेटवर लिहिलंय ते डायनामाइटमधलंच औषध आहे. ती आता घ्यायलाच तयार नाही. खरंय का?

हा प्रश्न मागच्या महिन्यात खरोखर आला, तासगावच्या पोरीनं विचारला. अर्धं खरं आहे. नायट्रोग्लिसरीन हे छातीतल्या कळेवरचं जुनं औषध आहे, दीडशे वर्षांच्या आसपास झाली. आपल्याकडं जिभेखाली ठेवायला देतात ती बऱ्याचदा त्याचीच भावकी, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा चिमूटभर गॅस सुटतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचा भार हलका होतो. हे नायट्रिक ऑक्साइडचं कोडं सोडवणाऱ्या तिघांना 1998 चं नोबेल मिळालं, म्हणजे डायनामाइटच्या पैशातूनच. खुद्द आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी छातीत दुखायचं तेव्हा डॉक्टरांनी हेच दिलं होतं, आणि डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं सुट्टीनंतर कामावर आल्यावर डोकं ठणकायचं ते पण याच रक्तवाहिन्या सैलावण्यामुळं.

गोळीत औषध असतं काही मिलिग्रॅम, बाकी सगळं लॅक्टोजसारखं भरताड, त्यामुळं फुटायचं नावच नाही. त्या पोरीला म्हटलं आजीला फोन लाव. मी सगळं समजावून सांगितलं, गुळाच्या खड्यासकट. आजी पलीकडून म्हणाल्या, "मास्तर, फुटणार नाय ते कळलं, पण ती गोळी घेतली की डोस्कं लई दुखतंय, त्येचं काय ते सांगा." ते मात्र डॉक्टरांनाच विचारा म्हटलं, पण गोळी बंद करू नका.